जेटी कंपनीची, मग खाडीतलं पाणी कोणाचं? मच्छीमारांचा हक्क कुठे सुरू होतो, कुठे थांबतो?

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात, तर मोठे खासगी धक्के एकामागून एक लागतात. गुहागर तालुक्यात अंजनवेलला एलएनजी टर्मिनल, जयगडला जेएसडब्ल्यूचं बंदर, त्याच जयगड खाडीत आंग्रे पोर्ट आणि रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला रनपारला फिनोलेक्सची जेटी.

याच खाड्यांमध्ये आणि याच किनाऱ्यावर खारवी, भोई, दालदी, कोळी, भंडारी समाजातली कुटुंबं पिढ्यानपिढ्या मासेमारी करतात. कोणी पाग टाकतं, कोणी गळ, कोणी रापण ओढतं. ओहोटीला बायका तिसऱ्या आणि कालवं गोळा करतात.

जेटीजवळ होडी गेली की सुरक्षारक्षक हटकतो. मच्छीमार म्हणतो, पाणी सगळ्यांचं आहे. रक्षक म्हणतो, जेटी कंपनीची आहे. खरं तर दोघंही बरोबर आहेत, आणि सगळा गुंता तिथेच आहे. तो समजून घेऊया.

पाण्याची मालकी कोणाकडे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार समुद्राचा, बंदराचा आणि खाडीचा भरतीरेषेखालचा तळ ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे काठावरची जमीन कोणीही विकत घेतली असली, तरी तिच्या समोरची खाडी त्या व्यवहारात येत नाही.

मग कंपनीकडे काय असतं? तिच्याकडे परवानगी असते. राज्यातली छोटी बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या, म्हणजेच मेरीटाईम बोर्डाच्या अखत्यारीत येतात. हे मंडळ कंपनीशी करार करतं आणि ठरावीक मुदतीसाठी धक्का बांधायचा, वापरायचा हक्क देतं. जयगडच्या बंदरासाठी २००८ मध्ये झालेला सवलत करार ५० वर्षांचा आहे. मुदत मोठी असली तरी तो मालकी हक्क नाही.

यामागचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात स्पष्ट केलं. बियास नदीकाठच्या एका रिसॉर्टचा तो खटला होता. किनारे, वाहतं पाणी, जंगलं यांचं सरकार हे जनतेच्या वतीनं विश्वस्त आहे, ही संपत्ती खासगी मालकीत वळवता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

मासेमारीचा हक्क कुठून येतो?

भरती-ओहोटीच्या पाण्यात मासेमारी करण्याचा हक्क सार्वजनिक आहे, ही भूमिका आपल्याकडे ब्रिटिश काळापासून आहे. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे मासेमारीच्या खुंटांवरून मच्छीमारांच्याच दोन गटांचा वाद आला होता. किनाऱ्यालगतच्या समुद्रात मासे पकडण्याचा हक्क सगळ्यांचा आहे, हे त्यात मान्य झालं.

पण सार्वजनिक म्हणजे बेबंद नव्हे. राज्यघटनेनं मत्स्यव्यवसाय हा विषय राज्याकडे दिला आहे. त्यामुळे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू होतो. नौकेची नोंदणी, परवाना, जाळ्याचा प्रकार, १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी हे सगळं त्याखाली येतं.

तिसरा आधार सीआरझेडचा. २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांमध्ये समुद्र आणि खाडीच्या पाण्याचा पट्टा 'सीआरझेड-४' मध्ये येतो. तिथे इतर कामांवर नियंत्रण आहे, पण स्थानिकांच्या पारंपरिक मासेमारीला मुभा आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. हे सगळं समुद्र आणि खाडीपुरतं आहे. धरण किंवा तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि तिथे गळ टाकायचा तर संस्थेची परवानगी लागते. शेततळं तर खासगीच.

मग रक्षक कशाच्या जोरावर अडवतो?

तीन कारणांनी, आणि तिन्हींचं वजन वेगवेगळं आहे.

पहिलं, जेटीचं बांधकाम. खांब, पायऱ्या, दोर बांधायचे खुंट ही कंपनीची मालमत्ता आहे. त्यावर चढणं, होडी बांधणं, वर बसून गळ टाकणं हा कोणाचाच हक्क नाही. अमेरिकेत तलावाकाठच्या घरांसमोर खासगी धक्के असतात, तिथेही बऱ्याच राज्यांत हाच नियम चालतो. पाणी सार्वजनिक, म्हणून धक्क्याजवळ गळ टाकायला हरकत नाही, पण धक्क्यावर पाय ठेवायचा तर मालकाला विचारायचं.

दुसरं, सुरक्षा. अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यानंतर जहाजं आणि बंदरांसाठी 'आयएसपीएस' नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली आली. १ जुलै २००४ पासून ती लागू आहे. परदेशी जहाजं घेणाऱ्या बंदराला कोण आत येतं, कोण जवळ येतं यावर लक्ष ठेवावंच लागतं. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी 'कुबेर' ही मच्छीमार नौका बळकावून आले होते. त्यानंतर आपल्या किनाऱ्यावर मच्छीमारांची ओळखपत्रं आणि नौकांची तपासणी जास्त कडक झाली.

तिसरं, जीवाचा धोका. कोळशाचं किंवा गॅसचं भरलेलं जहाज मोटारसायकलसारखं ब्रेक दाबून थांबत नाही. अगदी समोर असलेली लहान होडी जहाजावरून दिसेलच असंही नाही.

समुद्रात कोणी कोणाला वाट द्यायची?

याचं उत्तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांमध्ये आहे. नियम १८ सांगतो की इंजिनवर चालणाऱ्या जहाजानं जाळं टाकून मासेमारी करत असलेल्या नौकेपासून दूर राहायचं. म्हणजे मोकळ्या समुद्रात वाट देण्याची जबाबदारी जहाजाची.

पण नियम ९ अरुंद वाटेसाठी आहे, आणि तिथे हे उलटं होतं. बंदरात येणाऱ्या अरुंद मार्गात मासेमारी करणाऱ्या नौकेनं इतर जहाजांची वाट अडवायची नाही. खाडीच्या तोंडाशी असलेला जहाजांचा चॅनल म्हणजे नेमकी हीच जागा. 'आधी आम्ही इथे होतो' हे म्हणणं इतिहास म्हणून खरं असलं, तरी चॅनलमध्ये जाळं पसरायला तेवढं पुरत नाही.

यातूनच दोन्ही बाजूंनी पाळायचे साधे रिवाज निघतात. होडीवाल्यानं चॅनलमध्ये नांगर टाकू नये, जाळ्याला ठळक बोया आणि रात्री दिवा लावावा, जेटीच्या खांबाला दोर बांधू नये. बंदरानं जहाज येण्याची वेळ गावाला आधी कळवावी, मनाई असलेल्या पाण्याची हद्द बोया टाकून दाखवावी, आणि ओढनौकांनी लावलेली जाळी तोडत जाऊ नये. हद्द पाण्यात दिसत नसेल, तर ती रक्षकाच्या मनावर अवलंबून राहते. निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

हा नियम मच्छीमारांनाही लागू आहे का?

हो. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली अतिक्रमणं मत्स्यव्यवसाय विभागानं पोलीस बंदोबस्तात पाडली, तेव्हा याच मुद्द्यावर मोठी चर्चा झाली. मिरकरवाडा हे सरकारी मासेमारी बंदर आहे. जाळी ठेवायला, मासळी साठवायला जागा लागते ही गरज खरी. पण वापराचा हक्क म्हणजे बांधकामाचा हक्क नव्हे. कंपनीला जे तत्त्व लावायचं, तेच गावालाही लागतं. फक्त पाडल्यानंतर पर्यायी जागा किती लवकर आणि कोणाला मिळते, यावर त्या कारवाईचा न्याय ठरतो.

खरा प्रश्न पाण्याचा नाही, वाटेचा आहे

जेटीमुळे मासेमारीचा हक्क कागदावर रद्द होत नाही. बदलतं ते दुसरंच. होडीला वळसा घालावा लागतो, डिझेल वाढतं. गाळ काढल्यानं तळ बदलतो. रापण ओढायच्या वाळूवर कुंपण येतं. तिसऱ्या मिळायच्या त्या जागेवर भराव पडतो. हक्क शाबूत, पण तो वापरायला जायची वाट बंद, अशी ही स्थिती असते.

वरळीत हेच घडलं. मुंबईच्या कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये आधी ६० मीटर अंतर ठरलं होतं. खवळलेल्या समुद्रात एवढ्या फटीतून होड्या नेणं धोक्याचं आहे, असं सांगत वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी काम अडवलं. शेवटी एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करण्यात आलं. तिथे पाण्याची मालकी कोणी मागितलीच नव्हती. मागणी होती ती फक्त सुरक्षित वाटेची.

वाट गेलीच तर भरपाई मिळते का? फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठानं जेएनपीटी परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं मच्छीमारांचा पारंपरिक उपजीविकेचा हक्क मान्य केला आणि भरपाईचं धोरण आणायला सांगितलं. राज्यानं २०२३ मध्ये तसं धोरण आणलंही.

अडचण पुढे येते. भरपाई मागताना पुरावा लागतो: नौकेची नोंदणी, परवाना, संस्थेचं सभासदत्व. यांत्रिकी नौकेच्या मालकाकडे हे सगळं असतं. खाडीत बिनइंजिनच्या होडीनं पाग टाकणाऱ्याकडे ते असेलच असं नाही. आणि ओहोटीला टोपली घेऊन जाणाऱ्या बाईकडे तर होडीच नाही, मग नोंदणी कसली? जेटीनं सगळ्यात आधी जिची वाट बंद होते, तिचंच नाव यादीत सगळ्यात शेवटी येतं किंवा येतच नाही. सार्वजनिक हक्काचा हा कमकुवतपणा आहे. सगळ्यांचा असल्यामुळे तो कोणा एकाच्या नावावर कुठेच लिहिलेला नसतो.

मग गावानं काय करायचं?

तीन गोष्टी हातात आहेत, आणि तिन्ही जेटी होण्याआधी केल्या तर जास्त उपयोगाच्या.

नकाशा पाहा. सीआरझेड २०११ च्या अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापन आराखड्यांच्या नकाशांवर मच्छीमार गावं, मासेमारी जेट्या, मासळी सुकवायच्या जागा आणि मच्छीमारांची सामायिक मालमत्ता दाखवायची आहे. आपली रापणीची वाळू आणि होड्या ओढायची जागा त्यावर आहे का, हे पाहून नसेल तर लेखी हरकत घ्या.

सुनावणीला जा. मोठ्या बंदर प्रकल्पासाठी २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि तिथे मांडलेला मुद्दा इतिवृत्तात येतो. 'प्रकल्प नको' एवढंच म्हणण्यापेक्षा होड्यांना किती रुंद वाट हवी, कोणत्या ओहोटीला कुठे जाता आलं पाहिजे, हे नोंदवलं तर ती परवानगीची अट होऊ शकते.

नोंद ठेवा. बिनइंजिनच्या होड्यांची नोंदणी करा, तिसऱ्या-कालवं गोळा करणाऱ्या बायकांना सहकारी संस्थेचं सभासद करून घ्या. वाद झाला तर रक्षकाशी हुज्जत न घालता बंदर अधिकारी आणि सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्त या दोन्ही कार्यालयांना अर्ज द्या. मनाई कोणत्या आदेशानं आणि कुठवर आहे, हे लेखी विचारा.

पालघर जिल्ह्यात ७६ हजार कोटींहून जास्त खर्चाच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. बंदरांचा कारभार बदलणारा नवा भारतीय बंदरे कायदा २०२५ मध्ये १९०८ च्या कायद्याच्या जागी आला. कोकणात धक्के वाढणार, हे यातून दिसतंच आहे. खाडी कोणाची, याचं उत्तर कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. तिच्यात उतरायची वाट मात्र प्रत्येक करारात, प्रत्येक नकाशावर नव्यानं लिहून घ्यावी लागणार आहे.