"कोमा" म्हणजे जेवा!

या वीकांताचा विषय जरा हटके आहे. हापिसात हल्ली स्पॅनिश शिकणारे बरेच भेटतात. कुणाचा क्लायंट मेक्सिकोत, कुणाचा सपोर्ट डेस्क कोलंबियासाठी. "ओला", "ग्रासियास"पर्यंत सगळे मजेत असतात. मग आदरार्थी आज्ञा येतात आणि अर्धा वर्ग गार! माझं मत विचाराल तर यात दोष स्पॅनिशचा नाही. आपण मराठी माणसं ती भाषा इंग्रजीतून शिकतो, घोळ तिथे आहे.

इंग्रजीत मालकाला आणि मांजराला एकच "कम". त्यामुळे इंग्रजी पुस्तकाला आदरार्थी आज्ञा हा नवाच प्राणी वाटतो, आणि ते पुस्तक वाचून आपणही उगाच घाबरतो. अहो, आपल्याकडे ये-या, बस-बसा, सांग-सांगा हे दुधाच्या दातांबरोबर येतं!

आणखी गंमत पुढे आहे. स्पॅनिशमधला आदरार्थी "उस्तेद" आला "वुएस्त्रा मेर्सेद"वरून, म्हणजे साधारण "आपली कृपा". म्हणून समोरच्याशी बोलतानाही क्रियापद तृतीय पुरुषी. ऐकायला विचित्र? मग "साहेबांनी आत यावं" हे काय आहे? साहेब समोरच उभे असतात की! हुकूम सोडायचा नाही, इच्छा व्यक्त करायची. शाळेत याला आपण विध्यर्थ म्हणायचो, आणि उस्तेदची आज्ञाही अशाच इच्छादर्शक रूपातून येते. "येथे थुंकू नये" वाचत मोठे झालेल्यांना हे अवघड जाऊ नये.

आता ऐकण्याचा प्रश्न. खरी परीक्षा तिथेच, कारण सगळा खेळ शेवटच्या स्वराचा. "आब्ला" म्हणजे बोल, "आब्ले" म्हणजे बोला. "कोमे" म्हणजे जेव, आणि "कोमा" म्हणजे जेवा! (यजमान प्रेमाने "कोमा, कोमा" म्हणाले तर अँब्युलन्स बोलावू नका.) मराठी कानाला इथे एक सापळा आहे. आपल्याकडे शेवटी "आ" आला की आदर. "कोमा"ला ते जुळतं, पण "आब्ला"ला उलटं होतं. कान म्हणतो "बोला", अर्थ असतो "बोल". त्यात तो स्वर आघात नसलेला. फोनवर तर गायबच होतो.

मग हे जमणार कसं? इथे मला आमचा बुलढाणा आठवतो. घाटाखाली जा, शेगाव-नांदुऱ्याकडे. तिथलं पोरगं मित्राला म्हणतं "उद्या येजो" आणि मोठ्यांना म्हणतं "उद्या येजा". फरक एका शेवटच्या स्वराचा! ते कधी चुकत नाही, आणि त्याने कुठला तक्ताही पाठ केलेला नसतो. पुण्यात आल्यावर हेच पोरगं "येजो" म्हणायला लाजतं, आणि इंग्रजी कच्चं म्हणून स्पॅनिशच्या वाटेलाच जात नाही. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या कानाची गरज आहे तो याच्याकडे तयार आहे, पण त्याला ते कुणी सांगतच नाही.

तेव्हा नवशिक्यांसाठी तीन गोष्टी. एक, तक्ता बाजूला ठेवा आणि रोजची वाक्यं अख्खी कानात बसवा: "पासे" (या आत), "सिएन्तेसे" (बसा), "दीगामे" (सांगा मला), "एस्पेरे" (थांबा). दोन, शेवटचा "गा" पकडा: वेंगा, दीगा, आगा, म्हणजे या, सांगा, करा. वऱ्हाडीत "ये गा" ही सलगी, तिकडे "गा" म्हणजे आदर. उलटं आहे म्हणूनच लक्षात राहील. तीन, नकारात "स" ऐका. "नो वेंगास" म्हणजे येऊ नकोस, "नो वेंगा" म्हणजे येऊ नका. आपल्या "नकोस"मधला "स"ही तूचाच, नाही का?

आणि आदर म्हणजे दुरावा, हे डोक्यातून काढून टाका. बोगोतात घरच्यांशी, मित्रांशीही सर्रास "उस्तेद" चालतं. दुकानात शिरताना कुणी "सीगा" म्हणालं, तर ते आत बोलावतायत. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात गेला असाल तर ही चव तुम्हाला ठाऊक आहे. रांगेत सेवेकरी लहानथोर सगळ्यांना म्हणतात, "चला माउली." आज्ञाच आहे ती, पण कुणाला टोचत नाही.

कुणी म्हणेल, पुस्तकं इंग्रजीत, परीक्षेची तयारी इंग्रजीतून, मग मराठीचं लोणचं घालायचं का? मान्य, मराठीने सगळे प्रश्न सुटत नाहीत. कान ऐकूनच तयार होतो, त्याला शॉर्टकट नाही. पण वर्गात पहिल्या दिवशी ये-या आणि यावं एवढं फळ्यावर लिहिलं, तरी निम्मी भीती जाईल. स्पॅनिश येणाऱ्या मराठी मंडळींनी नवशिक्यांसाठी छोटी मराठी पुस्तिका लिहायला हवी. इंग्रजीच्या खिडकीतून डोकवायची गरजच नाही, घराला स्वतःचं दार आहे.

असो. तोवर कुणी "कोमा" म्हणालं तर पाट घ्या आणि बसा जेवायला!