दुखत नाही म्हणून थांबू नका

रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याला शिर्डीत मोठी गर्दी लोटते. रामनवमीला तर मुंबईहून पालख्या कित्येक दिवस चालत येतात. वाटेत छातीत दुखले तर माणूस लगेच दवाखाना शोधतो. एका डोळ्यापुढे अचानक अंधार आला आणि पाच मिनिटांत गेला, तर मात्र ‘ऊन लागले असेल’ म्हणून पुढे चालू लागतो. हा गैरसमज महागात पडतो.

डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद पडली, की दुखत नाही, डोळा लालही होत नाही. फक्त दिसेनासे होते. हा पक्षाघातच आहे, डोळ्यात झालेला. मोतीबिंदू सहा महिन्यांनी काढला तरी नजर परत येते. इथे हिशेब तासांचा असतो. नेत्रतज्ज्ञ डॉ. सोहनसिंग हायरे यांच्या माकडांवरील प्रयोगांत, रक्तपुरवठा सुमारे ४ तास पूर्ण बंद राहिल्यावर पडद्याची कायमची हानी झाली.

धोका कोणाला? उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांना आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना. मानेतल्या धमनीत चरबीचा थर साचलेल्यांना, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना किंवा झडपेचा विकार असलेल्यांनाही. पन्नाशीनंतर कानशिलात ठणका आणि घास चावताना जबडा दुखत असेल, तर धमनीला सूज असू शकते. त्यात उपचार लांबले तर दुसरा डोळाही जाऊ शकतो. मुख्य धमनी बंद झाली की फांदी, आणि किती वेळ गेला, यावर उरणारी नजर ठरते.

गेलेली नजर परत आणणारा खात्रीचा उपाय आजही नाही. तरीही धावपळ वाया जात नाही. अशा रुग्णाला पुढच्या काही दिवसांत मेंदूचा पक्षाघात होण्याचा धोका वाढलेला असतो आणि तो वेळीच टाळता येतो. म्हणून चष्म्याचे दुकान किंवा पुढच्या महिन्याचे नेत्रशिबिर नव्हे, तर त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठायला हवे. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि मानेच्या धमन्यांची तपासणी तिथेच होते. अंधार येऊन गेला असला, तरीही.

उत्सवातील वैद्यकीय पथकांच्या फलकावर छातीदुखीच्या शेजारी ‘एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे’ ही एक ओळ वाढवावी. प्रवासाच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या ठेवणे आणि वेळेवर घेणे, हे मात्र ज्याचे त्यानेच करायचे आहे.