मिळणे आणि मिसळणे

वाचकहो, व्याकरणाच्या तासाला भांडणे होत नाहीत असा आपला समज असेल, तर तो सोडून द्या. परवा मी वर्गात ‘मिळणे’ हे क्रियापद वाक्यात योजायला सांगितले. ‘पगार मिळतो’, ‘बस मिळाली’ इथवर सारे सुरळीत चालले. मग एक आरमोरीकर म्हणाला, “वर्धा वैनगंगेला मिळते.” लगेच बल्लारपूरकर उसळला, “छे! वैनगंगाच वर्धेला मिळते!”

तंटा मिटवला तो मागच्या बाकावर बसणाऱ्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका गोंड मुलाने. “सर, चपराळ्याजवळ दोघी मिळून प्राणहिता होते.”

मी खडू खाली ठेवला. ‘मिळणे’ हे संस्कृत ‘मिल्’ या धातूवरून आले. त्याचा अर्थ भेटणे. मराठीत त्याला लाभाचाही अर्थ आहे. भेट आणि लाभ, दोन्हींना आपल्याला एकच क्रियापद पुरते! ‘मिसळणे’ची जात निराळी. दुधात मिसळलेले पाणी पुन्हा ओळखू येत नाही. वढ्याला पैनगंगा वर्धेत शिरते आणि तिचे नाव तिथेच संपते. वर्धा मात्र वर्धाच राहते. चपराळ्याला दोघीही आपापले नाव सोडतात, आणि नवे नाव दोघींचे होते.

आता कबुली देतो. हाच मुलगा वसतिगृहात एकटा बसतो असे कळल्यावर मी त्याला सुनावले होते, “अरे, जरा मिसळून राहत जा!” त्याने बिचाऱ्याने ऐकले. चारचौघांत गोंडी बोलणे सोडले. आम्ही काय सोडले? त्याच्या भाषेतला एक शब्दही आम्हांला ठाऊक नव्हता.

मी विचारले, “तुमच्याकडे पाण्याला काय म्हणतात?”

“येर,” तो हळूच म्हणाला.

त्यावर सिरोंच्याची तेलुगू बोलणारी मुलगी उद्गारली, “अय्या! आम्ही ओढ्याला ‘एरु’ म्हणतो!” दोघांच्या भाषा एकाच द्राविडी कुळातल्या, पण त्या दिवसापर्यंत दोघे एकमेकांशी बोललेही नव्हते. घंटा झाली तरी त्यांचे शब्द जुळवणे चालूच होते.

आपल्या जोडशब्दात ‘मिळून’ आधी येते आणि ‘मिसळून’ नंतर. यंदा दिवाळीच्या फराळाला कोणी नवखा पाहुणा घरी आला, तर हा क्रम तेवढा सांभाळावा.