व्हिसाचा दिवस आणि बाहेर थांबणारे

अमेरिकेवरची मराठी प्रवासवर्णने बहुधा विमानतळापासून सुरू होतात. त्याआधी एक प्रवास झालेला असतो, व्हिसाचा. त्याला आमच्या लेखकांनी एखाद्या वाक्यापलीकडे जागा दिलेली फारशी दिसत नाही. ह्याचे एक कारण आम्हांस असे दिसते की लिहिणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे. पहाटेची गाडी धरावी, मुलाखत द्यावी, मित्रांबरोबर दादरला किंवा क्रॉफर्ड मार्केटात खरेदी करावी आणि रात्री घरी जेवायला यावे, एवढ्या दिवसावर काय लिहायचे?

आता हाच दिवस केळझरहून मोजून पाहावा. नागपूर-वर्धा रस्त्यावरचे, सेलू तालुक्यातले हे गाव. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक सिद्धिविनायक येथे आहे. नागपूर जेमतेम पन्नास किलोमीटर. पासपोर्टाचे काम, सीताबर्डीवरची खरेदी आणि परतीची एस.टी. हे सारे एका दिवसात बसते. मुले तिकडे नोकरीला आणि आईवडील इकडे अशी घरे आता विदर्भाच्या खेड्यांतूनही आहेत. त्यांना व्हिसा हवा झाला की मात्र नागपूर कामाचे नाही. वर्ध्याहून रेल्वेने मुंबई सुमारे साडेसातशे किलोमीटर. हैदराबाद त्याहून जवळ, पाचशेच्या आसपास. तेथे 2008 पासून अमेरिकी वकिलात आहे, आणि अर्ज कोठेही करता येत असल्याने तारीख मिळेल तिकडे माणसे जातात. जायची रात्र, ठशांचा दिवस, मुलाखतीचा दिवस, परतीची रात्र. पुणेकराच्या हिशेबातले तिकीट येथे मुक्कामाच्या हिशेबात जाते.

ठशांचा वेगळा दिवस ही तशी अलीकडची भर. ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये वकिलात होती तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर रांगा लागत, पण काम एका जागी होई. 2011 च्या नोव्हेंबरात वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि 2012 मध्ये बोटांचे ठसे व छायाचित्र घेणारी निराळी केंद्रे निघाली. रांग आटोपशीर झाली हे खरे. परंतु ती केंद्रेही वकिलातींच्याच शहरांत उघडल्यामुळे जवळच्यांची गैरसोय गेली आणि दूरच्यांचा एक मुक्काम वाढला. यंत्राने अंतर कमी होते असे आपण सहज म्हणतो. येथे यंत्र आले आणि अंतर दुप्पट लागले.

केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी अशी स्थानिक आख्यायिका आहे. बकासुराला घरटी पाळीने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवावा लागे. ज्या घरी पांडव उतरले होते त्या घराची पाळी आली तेव्हा भीम त्यांच्या जागी गेला. ही कथा ज्या गावाची, तेथल्या माणसाला पाळी म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. व्हिसाच्या पाळीला मात्र बदली माणूस चालत नाही, बोटे ज्याची त्यालाच न्यावी लागतात.

बोटांच्या ठशांशी ह्या जिल्ह्याचा आणखी एक संबंध आहे. ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांनी नोंदणी करून ठसे द्यावेत ह्या कायद्याविरुद्ध 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गला सभा झाली आणि सत्याग्रहाची सुरुवात तेथून मानतात. 1908 च्या तडजोडीत गांधींनी स्वेच्छेने ठसे देण्याचे मान्य केले, आणि त्यावरून चिडलेल्या आपल्याच माणसांकडून 10 फेब्रुवारीला मार खाल्ला. तेच गांधी 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. आजचे ठसे तसे नव्हेत. ज्याला जायचे तो देतो, आणि आमचीही त्याला हरकत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. ठसे घेणारे यंत्र टेबलावर मावते, मग ते टेबल नागपुरात का नसावे? आपल्या सरकारने 2017 पासून पासपोर्टाची केंद्रे टपाल कार्यालयांत उघडली, म्हणजे अंतर हटवता येते हे सिद्ध आहे. मुलाखतीसाठी अधिकारी हवा हे समजते. यंत्रासाठी नव्हे.

हा प्रश्न आता अधिक टोचतो. 2 सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेने मुलाखतीतून मिळणारी सूट बरीच आकुंचित केली. चौदा वर्षांखालची मुले आणि एकोणऐंशीच्या वरचे वृद्ध ह्यांनाही सर्वसाधारणपणे समक्ष जावे लागते. ऐंशीच्या आजोबांनी सातशे किलोमीटर जावे कशासाठी, तर दोन-तीन मिनिटांच्या प्रश्नांसाठी. 1952 च्या त्यांच्या कायद्याचे 214 ब हे कलम असे की पाहुणा म्हणून येणारा प्रत्येकजण मुळात कायमचा राहायलाच येतो आहे असे धरावे आणि तसे नाही हे त्याने पटवावे. आजोबा सात-बारा घेऊन गेलेले असतात. तो बघितला जाईलच असे नाही. कपाशीच्या वेचणीला जो घरी नसला की कासावीस होतो, त्याने परत येण्याचा आणखी कोणता पुरावा द्यावा!

असो. मित्रांविषयी लिहायचे राहिले. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, पिशवीही नेता येत नाही, आणि ठेवायला आत सोय नाही. म्हणून सोबत कोणीतरी लागते. गावाकडून निघताना एखादा शेजारी, एखादा वर्गमित्र ‘चला, मीही येतो’ म्हणतो तो मुंबई पाहायला येतो असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात तो रस्त्याच्या कडेला दोन फोन, एक पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळत उभा असतो. आत गेलेल्याचे काय झाले हे त्याला दाराशी दिसणाऱ्या चेहऱ्यावरूनच कळते. मुलाचा फोन तिकडून येतो तोही तोच घेतो, आणि ‘अजून आतच आहेत’ एवढेच सांगू शकतो.

खरेदी त्यानंतर. व्हिसा हाती येण्याआधी मोठी बॅग घ्यायची नाही, असा एक संकेत आम्ही अनेक घरांत पाहिला. पासपोर्ट आत ठेवून घेतला, म्हणजे काम झाले, की मग बॅग, नातवाचे कपडे, तिकडच्या थंडीचे मोजे. पासपोर्ट लगेच हातात परत दिला आणि सोबत छापील चिठ्ठी आली, तरी खरेदी रद्द होत नाही. यादी बदलते. शेजाऱ्याने सुनेसाठी सांगितलेली साडी, दुकानातल्या पोरासाठी चपला, घरी मिठाई. मित्र भाव करतो, कारण त्या दिवशी आजोबांचे भाव करण्यात लक्ष नसते. संध्याकाळच्या गाडीला अजून दोन तास असतात.