एकाला नऊचा भाव

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही दैनिकाचे आतले पान उघडावे, एक बातमी ठरलेली असते. पानटपरीच्या आडोशाला कल्याण मटका घेताना एकाला पकडले. रोकड, मोबाईल, चिठ्ठ्या असा मुद्देमाल जप्त. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) नुसार गुन्हा दाखल. गाव बदलते, कधी कराड, कधी फलटण, कधी मिरज, कधी विटा, मजकूर तोच. सापडतो तो चिठ्ठी लिहिणारा एजंट. ज्याच्यासाठी तो पैसे गोळा करत होता, तो मालक बातमीत एक तर पसार असतो किंवा नसतोच.

आणि जुगारातले खरे पद त्याचेच असते. पत्त्यांच्या भाषेत तो बँक. त्याच्या कामाची सर्वांत उघडी फोड ब्लॅकजॅकच्या टेबलावर दिसते. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितके बरे. एकवीस ओलांडले की डाव बुडाला. समोर बँकेचा पगारी डीलर. त्याला डोके चालवायची मुभा नाही. सोळापर्यंत पत्ता घ्यायचाच, सतरा झाले की थांबायचे; बहुतेक टेबलांवर हा नियम कापडावरच छापलेला असतो. खेळाडूला मात्र सगळी मोकळीक: पत्ता घे, थांब, पैसे दुप्पट कर, जोडी फोड. मग हात बांधलेला डीलर बँकेला जिंकून देतो कसा? कारण खेळाडूने आधी खेळायचे असते. तो बुडाला की त्याचे पैसे तिथल्या तिथे उचलले जातात. त्यानंतर डीलरही बुडाला, आणि तो शंभरात साधारण अठ्ठावीस वेळा बुडतोच, तरी उचललेले पैसे परत येत नाहीत. बँकेची कमाई एवढ्या क्रमात आहे.

१९५६ साली अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर या खेळाचा हिशेब मांडला: कोणत्या पत्त्यांवर काय करावे म्हणजे नुकसान कमीत कमी होईल. १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने पुढचे पुस्तक लिहिले आणि गेलेले पत्ते ध्यानात ठेवणारा खेळाडू बँकेवरही मात करू शकतो, हे दाखवून दिले. अचूक खेळणाऱ्याच्या शंभर रुपयांतून बँकेला सरासरी पन्नासेक पैसेच सुटतात. कॅसिनोवाले गप्प बसले नाहीत. त्यांनी एकाऐवजी सहा-आठ कॅट वापरायला सुरुवात केली. पहिल्याच दोन पत्त्यांत एकवीस झाले तर शंभरावर दीडशे मिळायचे, तिथे अनेक टेबलांवर एकशेवीस देऊ लागले. तेवढ्या एका फेरफाराने बँकेचा वाटा तिपटीहून जास्त होतो. डीलरचे हात बांधलेले खरे, पण गाठ मारणारी बँकच असते.

घरच्या डावात ही भानगड नसते. दिवाळीत किंवा गणपतीच्या जागरणात चार दोस्त बसले आणि एकवीसचा डाव टाकला, तर बँक फिरती ठेवता येते. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे; क्रमाचा फायदा आळीपाळीने सगळ्यांना मिळतो आणि शेवटी पैसा फार हलत नाही. बँक एकाच ठिकाणी मुक्कामाला आली की गंमत संपते आणि धंदा सुरू होतो.

मटक्याची बँक अशीच मुक्कामाची. त्याचा उगम मात्र बाजारातला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव मुंबईत येत, त्यांच्यावर पैजा लागत. ते भाव यायचे थांबले, तेव्हा १९६२ मध्ये मूळच्या कच्छच्या कल्याणजी भगतने वरळीत स्वतःचे आकडे काढायला सुरुवात केली. दोनच वर्षांत रतन खत्रीचा वेगळा मटका आला. मटक्यातले ओपन आणि क्लोज हे शब्द त्या कापूस बाजाराचीच उरलेली खूण.

सांगलीकरांना तर सट्टा मुळीच नवा नाही. हरिपूरच्या पेवांत साठवलेली हळद आणि तिच्यावर चालणारे वायदे ही या शहराची जुनी ओळख. एकेकाळी हळदीच्या वायद्यांसाठी मान्यता असलेले स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज इथलेच. पण वायद्यात तेजीवाल्यासमोर मंदीवाला असतो. एकाचा तोटा तो दुसऱ्याचा नफा, आणि मधली संस्था आपले शुल्क घेऊन बाजूला राहते. त्या व्यवहाराला हळदीचे पीक, पाऊस, साठा यांचा काही आधार असतो. मटक्यात समोर दुसरा खेळणारा नसतोच. प्रत्येकाच्या समोर एकटी बँक, आणि आकडा काढणारीही तीच.

तिचा भाव पाहावा. एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहात एक. रूढ भाव एका रुपयाला नऊ. दोन आकड्यांची जोडी शंभरात एक, भाव नव्वद. म्हणजे सरासरीने शंभरातले दहा रुपये बँकेचे. आलेले पैसे पुन्हा लावत गेले तर दहा फेऱ्यांनंतर शंभराचे सरासरी पस्तीस उरतात. ब्लॅकजॅक अचूक खेळणाऱ्याकडे तेवढ्याच फेऱ्यांनंतर पंचाण्णव असतात. ज्या कॅसिनोला आपण पापाचे आगर म्हणतो, त्याच्या सर्वांत सौम्य टेबलापेक्षा टपरीमागची चिठ्ठी वीसपट महाग आहे. तिथे नियमाचे कापड नाही, तक्रारीची जागा नाही, आणि ती विकत घेणारा बहुधा रोजंदारीवरचा असतो.

हा हिशेब पाहून काही जण म्हणतात, मग कॅसिनोच उघडा. महाराष्ट्राने १९७६ मध्ये तसा कायदा केलाही होता, पण तो कधी अमलात आणला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. ते योग्यच झाले. शेजारच्या गोव्याकडे पाहिले तर पुरे. तिथल्या कायद्याने जमिनीवर पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे चालतात आणि पत्त्यांची टेबले जहाजांवर, म्हणून मांडवीत ती जहाजे झगमगत उभी असतात. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. बँक चालवू द्यायची, कर घ्यायचा, पण आपल्या माणसांना तिच्यापासून लांब ठेवायचे. आंबोलीचा घाट उतरून जाणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या पाहुण्यांनी यातून काय ते समजावे.

खेळणारा आणि बँक चालवणारा यांतला फरक कायद्याला कळत नाही असे नाही. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सत्यनारायण खटल्यात म्हटले, तेव्हाच जोड दिली की क्लबचा मालक त्या डावांतून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. खेळणारा वेगळा, आणि अड्ड्यावर बसून नाल काढणारा वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्या कायद्यात खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आपला जुगार प्रतिबंधक कायदा मात्र १८८७ चा. अड्डा चालवणाऱ्याला त्यात वेगळे कलम आहे, पण अड्ड्यावर नुसता सापडलेलाही गुन्हेगारच.

मटका एजंटाकडे सापडणाऱ्या मुद्देमालात हल्ली एक मोबाईल असतोच. रोजचे आकडे आणि रकमा त्यावरून वरच्या बुकीला जातात. एखाद्या आकड्यावर फार पैसा साचला तर तो बुकीही त्याच्या वरच्याकडे भार ढकलतो. म्हणजे साखळी त्या फोनमध्ये नोंदलेली असते. जिल्हा पोलिसांच्या मासिक आढाव्यात छाप्यांची संख्या आणि जप्त रोकड मोजण्याऐवजी, त्या फोनवरून किती पायऱ्या वर पोचता आले हे मोजावे. टोळ्यांच्या तडीपारीचे आदेश दोन्ही जिल्ह्यांत निघतात. त्यांत चिठ्ठी लिहिणारे किती आणि बँक चालवणारे किती, ही विभागणी पोलीस अधीक्षकांनी जाहीर करायला हरकत नसावी.