स्वादुपिंडातील पाण्याची गाठ : घाबरू नका, विचारा

विनयपिटकाच्या महावग्गात वैद्य जीवक यांची एक कथा आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्यांना पीळ पडला होता. अन्न पचत नव्हते, मुलगा वाळत चालला होता. जीवकांनी त्याचे पोट उघडले, पिळलेले आतडे बाहेर काढले आणि त्याच्या पत्नीला दाखवले. तुझ्या नवऱ्याचा आजार हा असा आहे, हे तिला समजावले. मग पीळ सोडवून पोट शिवले. या कथेत शस्त्रक्रियेइतकीच आम्हांला एक गोष्ट मोलाची वाटते. घरच्या बाईला आजार दाखवला गेला, समजावला गेला.

आज आपल्या वस्तीत उलटे घडते. पोटात दुखते म्हणून सोनोग्राफी होते. रिपोर्टात ‘पॅन्क्रिआटिक सिस्ट’ असे दोन शब्द येतात. कुणी म्हणते कॅन्सर, कुणी म्हणते करणी. घरातली माणसे मंगळसूत्र गहाण टाकायला निघतात, नाहीतर रिपोर्ट ट्रंकेत दडवून ठेवतात. दोन्ही चूक. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा असलेला वीतभर लांबीचा अवयव. त्याची कामे दोन. अन्न पचवणारा रस आतड्यात सोडणे आणि साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन रक्तात सोडणे. स्वादुपिंड फार बिघडले की मधुमेह जडू शकतो, तो यामुळेच.

सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. तिचे प्रकार अनेक, आणि सगळे प्रश्न या प्रकारावरच अवलंबून असतात.

पहिला प्रकार ‘सूडोसिस्ट’. स्वादुपिंडाला जोराची सूज आली की त्याचा रस बाहेर पाझरतो आणि साधारण महिन्याभरात त्याभोवती जाड पडदा तयार होतो. हा कॅन्सर नव्हे. अशा कितीतरी गाठी आपोआप जिरतात. ही सूज येण्याची दोन मोठी कारणे म्हणजे दारू आणि पित्ताशयातील खडे. अपघातात पोटाला मार लागूनही अशी गाठ होते.

दुसरा प्रकार ‘सिरस सिस्ट’. यात पातळ पाणी असते. ही बहुधा निरुपद्रवी असते.

तिसरा प्रकार ‘म्युसिनस सिस्ट’. यात चिकट द्रव असतो. ही बहुतेक मध्यम वयाच्या स्त्रियांत आढळते आणि पुढे कॅन्सरमध्ये बदलू शकते. रसाच्या नळीत वाढणाऱ्या ‘आयपीएमएन’ या गाठीचेही तसेच. या दोन प्रकारांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. वेळेवर काढलेली गाठ माणसाला वाचवते.

प्रकार ओळखायचा कसा? सोनोग्राफी फक्त गाठ आहे एवढे सांगते. पुढे सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. तेवढ्याने उलगडले नाही तर तोंडावाटे दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी करतात आणि बारीक सुईने गाठीतले पाणी तपासतात. पाण्यात अमायलेज फार वाढलेले असेल तर सूडोसिस्टकडे बोट जाते, सीईए वाढलेले असेल तर म्युसिनस गाठीकडे. दुर्बिणीची ही सोय सगळीकडे नसते. आपल्या सिव्हिलमधून पुण्याला जायची चिठ्ठी मिळाली, तर टाळाटाळ केली असे समजू नका.

डॉक्टरांपुढे गप्प बसू नका. चार प्रश्न कागदावर लिहून न्या. गाठ कोणत्या प्रकारची? किती सेंटिमीटरची? आत घट्ट भाग आहे का? रसाची मुख्य नळी फुगली आहे का? तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, आत घट्ट भाग, फुगलेली नळी, कावीळ, ही अधिक तपासाची लक्षणे आहेत. यातले काही नसेल तर अनेकदा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा तपासणी एवढाच सल्ला मिळतो. तो सल्ला म्हणजे हयगय नव्हे, तोही उपचारच आहे. मात्र तारीख चुकवू नका आणि जुने रिपोर्ट, फिल्म जपून ठेवा. गाठ वाढली की नाही, हे जुन्या फिल्मशी ताडूनच कळते.

सूडोसिस्टमुळे पोट दुखत राहिले, उलट्या होऊ लागल्या किंवा गाठीत पू झाला तर ती रिकामी करावी लागते. आता अनेकदा दुर्बिणीतून जठराच्या भिंतीला वाट पाडून द्रव आत सोडतात. ते जमले नाही तर शस्त्रक्रिया करतात. गाठ विरघळवण्यासाठी पोट चोळून घेणे, डाग देणे, अंगारा लावणे यांनी काही साधत नाही. चोळण्याने अपाय मात्र होईल.

वरच्या पोटात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, ताप भरला, डोळे पिवळे झाले, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठा.

आता कटू पण आवश्यक बोलतो. पाचवे शील आपण दर वंदनेला घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हातभट्टीची असो वा बाटलीची, दारूने सुजलेले स्वादुपिंड पुन्हा पुन्हा सुजते. बिडी-सिगारेटनेही हा धोका वाढतो. पिणे डॉक्टरांपासून लपवू नका. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय कापणे, भ्रम होणे असे त्रास होतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करते.

पण दुसरी बाजूही ऐका. ही गाठ झालेला प्रत्येक जण दारुडा नसतो. खड्यांमुळे, गाठीच्या मूळ प्रकारामुळे कधीही दारूला न शिवलेल्या आयाबहिणींनाही ती होते. अशा बाईला वस्तीने टोमणे मारले तर ती तपासणीला जाणारच नाही. आणि जो पीत होता, तोही आपलाच माणूस आहे. शील हे स्वतःला आवरण्यासाठी आहे, आजाऱ्याला मारण्यासाठी नाही.

खर्चाचे काय? राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपले सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा आणि सुचवलेली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे दागिने मोडण्याआधी विचारा. कॅन्सरची शंका निघाली तर आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे.

विहारात रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे आरोग्यावर बोलायला काय हरकत आहे? वस्तीत कॉलेजात शिकणारी पोरे-पोरी आहेत. त्यांनी शेजारच्या आजीचा रिपोर्ट वाचून द्यावा, तिच्याबरोबर सिव्हिलला जावे, चार प्रश्न विचारावेत. बाबासाहेबांनी दिलेल्या शिक्षणाचा उपयोग असाही व्हावा, एवढीच आमची अपेक्षा.

जय भीम.