इंजिन बंद पडले. पण दोष कोणाचा?
वॉरंटीच्या वादात निर्णायक ठरतो तो पुरावा, आणि तो बहुधा कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये असतो

रायपूर - छत्तीसगडच्या राजधानीतील तेलीबांधा हा भाग तेथील तलावामुळे आणि तलावाकाठच्या 'मरीन ड्राइव्ह'मुळे ओळखला जातो. जी. ई. रस्त्यावरच्या या परिसरात मोटारींची शोरूम आहेत आणि विमानतळाकडे जाणारा व्हीआयपी रस्ताही जवळूनच फुटतो. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरून येणाऱ्या मराठी कुटुंबांना हा रस्ता परिचयाचा आहे. नव्या मोटारीचे स्वप्न जेथे विकत घेतले जाते, तेथेच कधीतरी बंद पडलेली मोटार दोराने ओढत आणावी लागते. त्या क्षणी ग्राहकाच्या मनात एकच प्रश्न असतो. गाडी वॉरंटीत आहे, मग खर्च कोण करणार?

या प्रश्नाचे उत्तर वॉरंटीच्या पुस्तिकेत असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट खरा आहे. मोटारीची वॉरंटी ठराविक वर्षे किंवा ठराविक किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत लागू असते. पण ती 'उत्पादनातील किंवा सामग्रीतील दोषा'पुरतीच मर्यादित असते. वेळेवर सर्व्हिसिंग न करणे, भेसळयुक्त इंधन, पाण्यात गाडी घालणे, बाहेरून बसविलेला गॅस किट अशी कारणे पुढे आली की वॉरंटीचे दार बंद होते. त्यामुळे खरा वाद वॉरंटीच्या मुदतीचा नसून इंजिन का बंद पडले, याचा असतो.

कारण ठरवणार कोण?

इंजिन जाम होण्याची कारणे तांत्रिक असली तरी त्यांच्या खुणा मागे राहतात. पाणी आत शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला सापडतो. ऑइल वेळेवर बदलले नसेल तर आत काळा, चिकट गाळ साचतो. ऑइलचा पुरवठा तुटला असेल तर बेअरिंग घासून निघते. मात्र शेवटची खूण दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. ऑइल पंप सदोष होता, की मालकाने ऑइलची पातळीच पाहिली नाही? पहिल्या शक्यतेत खर्च कंपनीचा, दुसऱ्या शक्यतेत ग्राहकाचा. आणि ही रक्कम लाखाच्या घरात जाऊ शकते. गाडी उभी असली तरी कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

अडचण अशी की हे कारण ठरविणारा पहिला निर्णय कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच होतो. इंजिन तेथेच उघडले जाते. मोटारीच्या नियंत्रण संगणकातील तापमानाच्या व बिघाडाच्या नोंदी तेथेच वाचल्या जातात आणि निकामी सुटे भागही तेथेच राहतात. ज्याच्याविरुद्ध दावा करायचा, त्याच्याच ताब्यात पुरावा, अशी ही विचित्र स्थिती आहे.

न्यायालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहेत. २००६ मध्ये मारुती उद्योग कंपनीच्या प्रकरणात क्लचच्या बिघाडाची तक्रार होती. सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढेच वॉरंटीचे बंधन असल्याने संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश टिकू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही ग्राहकाला झालेल्या त्रासापोटी ५० हजार रुपये देण्यास सांगितले.

२०१० मध्ये फियाट इंडियाच्या प्रकरणात मात्र न्यायालय एक पाऊल पुढे गेले. स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाने मोटारीत मूळचाच उत्पादनदोष असल्याचा निर्वाळा दिल्यास किंमत व्याजासह परत करावी, असा तो आदेश होता. २०२३ मध्ये फोर्ड इंडियाच्या प्रकरणात पंजाबच्या राज्य आयोगाने इंजिन विनामूल्य बदलून देण्यास सांगितले होते. इंजिन बदलूनही मोटार रस्त्यावर चालविण्यायोग्य न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ४२ लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

या निकालांचा एकत्रित अर्थ असा की, केवळ 'गाडी खराब निघाली' एवढे म्हणणे पुरेसे ठरत नाही. दोष भागापुरता आहे की मूळचाच आहे, हे सिद्ध व्हावे लागते आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल कळीचा ठरतो. गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात २०२१ मध्ये आणखी एक बाब अधोरेखित झाली. जुन्या वर्षाची मोटार नवी म्हणून विकल्याची ती तक्रार होती. विक्रेत्याच्या कृत्याची माहिती निर्मात्याला होती, हे सिद्ध न झाल्याने टाटा मोटर्सवरील जबाबदारी न्यायालयाने रद्द केली व विक्रेत्यावरील कायम ठेवली. म्हणूनच तक्रारीत निर्माता आणि विक्रेता या दोघांनाही प्रतिवादी करणे आणि प्रत्येकाविरुद्धचा आरोप वेगळा मांडणे इष्ट ठरते.

बाहेरच्या मेकॅनिकचा प्रश्न

बाहेर एकदा दुरुस्ती केली की वॉरंटी संपली, असे ग्राहकाला बजावले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावताना या प्रथेवरही बोट ठेवले होते. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. सरसकट रद्द करता येणार नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध अपिले केली. तथापि, त्यामागील तर्क साधा आहे. बाहेर ब्रेक दुरुस्त केले म्हणून इंजिनाची वॉरंटी का जावी?

पाणी आणि इथेनॉल

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यात बुडालेली मोटार पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन निकामी होते. असे नुकसान वॉरंटीत बसत नाही. साध्या विम्यातही ते 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारले जाऊ शकते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे पूरक कवच घ्यावे लागते. पाण्यात बंद पडलेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न न करणे हाच पहिला उपाय होय.

२०२५ मध्ये या वादात नवी भर पडली ती २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. हे इंधन जुन्या मोटारींना मानवेल काय, त्यामुळे वॉरंटी व विमा नाकारला जाईल काय, अशा शंका वाहनधारकांनी उपस्थित केल्या. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने त्या निराधार ठरविल्या आणि वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेनेही दावे मान्य केले जातील, अशी ग्वाही दिली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पंपावर दुसरे पेट्रोल सहज मिळत नसेल, तर 'इंधनाचा दोष' या कारणाने दुरुस्ती नाकारणे ग्राहकावर अन्याय करणारे ठरेल. सार्वजनिक आश्वासनाची खरी कसोटी प्रत्यक्ष दाव्याच्या वेळी लागेल.

कायद्याने दिलेली साधने

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाची बाजू काही अंशी बळकट केली आहे. समजा, नागपूरच्या कुटुंबाची मोटार तेलीबांध्यात बंद पडली. तक्रार रायपुरातच करण्याचे बंधन नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. मोटारीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, तर दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये शुल्क आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी एकच टॅक्सी चालविणाराही 'ग्राहक' ठरतो.

याच कायद्याच्या कलम ३८ नुसार दोष चाचणीविना ठरविता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चाचणी लागणाऱ्या प्रकरणाचा निकाल पाच महिन्यांत द्यावा, अशी अपेक्षा आहे; प्रत्यक्षात विलंब होतो. उत्पादन दायित्वाचे नवे प्रकरण मात्र येथे फारसे कामाचे नाही, कारण वस्तूचे स्वतःचे नुकसान त्याच्या कक्षेतून वगळले आहे. त्यामुळे इंजिनाचा दावा 'वस्तूतील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' याच मार्गाने करावा लागतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

इंजिन उघडण्यापूर्वी

परंतु ही सारी साधने पुराव्याअभावी बोथट ठरतात. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागताच इंजिन बंद करणे, डॅशबोर्डचे व गाडीच्या स्थितीचे छायाचित्र घेणे, ओढून नेल्याची पावती जपणे ही पहिली पायरी. जॉब कार्डवर लक्षणे स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावीत. इंजिन आपल्या उपस्थितीत उघडावे, संगणकातील नोंदींची प्रत द्यावी व निकामी भाग जपून ठेवावेत, अशी मागणी लेखी करावी. दावा नाकारला गेल्यास त्याचे कारण वॉरंटीतील नेमक्या अटीसह लेखी मागावे. तोंडी नकाराला आयोगापुढे फारशी किंमत नसते. सर्व्हिसिंगची बिले हाताशी असतील, तर निष्काळजीपणाचा आक्षेप बहुतांशी तेथेच गळून पडतो.

मोटार खरेदीच्या वेळी वॉरंटीचा उल्लेख विक्रेता अभिमानाने करतो. ती वॉरंटी ग्राहकाला प्रत्यक्ष मिळायची असेल, तर बिघाडाचे कारण ठरविण्याची प्रक्रियाही पारदर्शक व्हायला हवी. वॉरंटीचा दावा नाकारताना तांत्रिक अहवाल आणि निकामी भाग ग्राहकाला देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, तर कित्येक वाद आयोगापर्यंत पोहोचणारच नाहीत. तोवर मात्र इंजिन उघडले जाण्यापूर्वीचे काही तासच ग्राहकाच्या हाती असतात, आणि पुढील निकाल बव्हंशी त्या तासांवर अवलंबून राहतो.